दिंडीच्या फोटोंना तारीख आणि मुक्काम लावताना: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५

वारीहून परतल्यावर झालेल्या बैठकीत ठरलं तसं आजपासून काम हातात घेतलं. आमची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालते. गेल्या वीसेक वर्षांत प्रत्येकाने आपापल्या परीने फोटो काढले, पण ते कधी एका जागी आले नाहीत. आता आले आहेत. बऱ्याच जणांच्या फोनमधले, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या कार्डांवरचे, स्टुडिओने दिलेल्या सीडींवरचे, दिंडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे, आणि त्याही आधीचे कागदी फोटो, अल्बममध्ये चिकटवलेले.

मागणी साधी आहे. कुणी म्हणालं, ‘२०१७चा दिवे घाट दाखवा,’ तर तो लगेच निघाला पाहिजे. आज असं कुणी विचारलं तर हजारो फाइली एकेक उघडून बघण्यावाचून मार्ग नाही.

पहिलं काम एकच. आलेला प्रत्येक फोल्डर जसाच्या तसा एका हार्ड डिस्कवर उतरवला, देणाऱ्याचं नाव आणि कोणत्या फोनमधून किंवा कार्डावरून आला ते लिहिलं, आणि ती डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवली. तिच्यावर आता काहीही लिहायचं नाही. प्रत्येक फाइलचा शा-२५६ हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून यादी केली. ही यादी कोणत्याही फाइलला हात लावण्याआधी व्हायला हवी, कारण मेटाडेटात (फाइलच्या आत साठवलेली तारीख, कॅमेरा अशी माहिती) एक अक्षर जरी बदललं तरी हॅश बदलतो आणि मग तोच फोटो दोन ठिकाणी आहे हे कळत नाही.

९ ऑगस्ट २०२५

कामासाठी एक्झिफटूल. फिल हार्वे यांनी २००३ पासून सांभाळलेलं हे मोफत साधन पर्ल या संगणकभाषेत लिहिलेलं आहे. फोटोच्या पोटात काय काय दडलं आहे ते याच्याइतकं नेमकं सांगणारं दुसरं मला माहीत नाही.

तारखांबद्दल सहकाऱ्यांसाठी लिहून ठेवते, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. जेपीजी फाइलला कमीत कमी दोन प्रकारच्या तारखा असतात. एक फाइलची, म्हणजे संगणकाने ठेवलेली. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की ‘तयार केल्याची’ तारीख आजची होते. फोनमधून केबलने घेतली, कुठल्या ॲपमधून उतरवली, तर ‘बदल केल्याची’ तारीखही टिकेल याची खात्री नाही. ही तारीख आपल्या उपयोगाची नाही.

दुसरी एक्झिफमधली, म्हणजे कॅमेऱ्याने फोटो काढताना फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीतली. तिच्यातही तीन रकाने असतात. ‘डेटटाइमओरिजिनल’ म्हणजे शटर पडलं तो क्षण. ‘डेटटाइमडिजिटाइज्ड’ म्हणजे चित्र डिजिटल झालं तो क्षण. डिजिटल कॅमेऱ्यात दोन्ही एकच, पण कागदी फोटो स्कॅन केला तर यात वर्षांचं अंतर पडतं. आणि नुसतं ‘डेटटाइम’ म्हणजे फाइल शेवटची बदलली तेव्हाची. आपल्याला पहिला रकाना हवा.

पण हे तिन्ही आकडे कॅमेऱ्याचं घड्याळ जे सांगेल तेच सांगतात. घड्याळ बरोबर होतं का, हे फाइलला ठाऊक नसतं. वेळ कोणत्या देशातली, हेही २०१६ आधीच्या एक्झिफमध्ये लिहिण्याची सोय नव्हती, २.३१ आवृत्तीत ऑफसेटचे (जागतिक वेळेपासूनच्या फरकाचे) रकाने आले.

१६ ऑगस्ट २०२५

वारीच्या फोटोंची एक गोष्ट इतर कुठल्याही संग्रहाहून वेगळी आहे, आणि आज ती कागदावर मांडून झाली. आपल्याकडे प्रत्येक वर्षाचं वेळापत्रक आहे. पालखी कोणत्या दिवशी कुठे मुक्कामाला होती हे सोहळ्याच्या छापील पत्रिकेत असतं, आणि विणेकरी आजोबांनी बहुतेक सगळ्या पत्रिका जपून ठेवल्या आहेत. म्हणजे फोटोत जीपीएस नसलं तरी तारीख आणि वेळ खरी असली की ठिकाण निघतं. आणि उलटही: चित्रात दिवे घाट ओळखू आला की तो पुणे ते सासवडच्या वाटचालीचाच दिवस. माउलींच्या पादुकांचं नीरा स्नान दिसलं की वाल्हे ते लोणंद. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण म्हणजे लोणंद ते तरडगाव. बाजीरावाची विहीर म्हणजे भंडीशेगाव ते वाखरी.

म्हणून प्रत्येक वर्षासाठी एक तक्ता केला: तारीख, सकाळचा मुक्काम, वाटेतलं ठिकाण, संध्याकाळचा तळ. प्रत्येक वर्षाच्या दोन टोकांच्या तारखा वर ठळक लिहिल्या. २०१७ला प्रस्थान १७ जूनला, एकादशी ४ जुलैला. २०१९ला प्रस्थान २५ जूनला, एकादशी १२ जुलैला. २०२२ला २१ जून आणि १० जुलै. २०२३ला ११ जून आणि २९ जून. वारी तिथीने चालते, कॅमेरा इंग्रजी तारखेने. म्हणून दर वर्षीची खिडकी सरकते. अधिक महिना आला की बरीच सरकते. कोणत्याही कॅमेऱ्याची तारीख त्या वर्षाच्या खिडकीबाहेर पडली, तर आधी घड्याळावर संशय घ्यायचा.

मुक्कामांची संख्या मात्र दर वर्षी सारखी धरायची नाही. लोणंदला कधी एक, कधी दोन मुक्काम पडतात. मागच्या वर्षीचा तक्ता उचलून तारखा पुढे ढकलल्या तर लोणंदच्या पुढचं सगळं एका दिवसाने हुकतं. प्रत्येक वर्षाची पत्रिका वेगळी वाचायची.

आणखी एक. स्वयंपाकाच्या ट्रकबरोबर असणाऱ्या बायकांचे फोटो पालखीच्या वेळेत बसत नाहीत. ट्रक दुपारीच पुढच्या तळावर पोचतो, तंबू लागतात, चुली पेटतात, आणि पालखी अजून वाटेत असते. त्यांच्या फोनना तक्त्यात वेगळा रकाना दिला आहे. त्यांच्या फोटोंत दिंडीची एक बाजू आहे जी चालणाऱ्यांना कधी दिसतच नाही, म्हणून तो रकाना मन लावून भरायचा.

२४ ऑगस्ट २०२५

नाव कसं असावं यावर दोन रविवार चर्चा झाली. कुणाला नावातच ‘जेजुरी भंडारा सुंदर’ असं सगळं हवं होतं. मी विरोध केला. वर्णन बदलतं, वाढतं, कुणी नंतर येऊन दुरुस्त करतं. नाव मात्र एकदा ठेवलं की टिकायला हवं.

ठरलेला साचा असा: वर्ष-महिना-दिवस, अधोरेघ, तास-मिनिट-सेकंद, अधोरेघ, कॅमेऱ्याचा संकेत, अधोरेघ, तारखेची प्रत (म्हणजे दर्जा), आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेला मूळ क्रमांक. उदाहरणार्थ ‘२०१९-०६-२८_१४३२०५_एफ०७_ए_४४१२’ (प्रत्यक्ष फाइलवर रोमन अक्षरांत). वर्ष आधी असल्यामुळे कुठल्याही संगणकावर नुसत्या नावाच्या क्रमाने लावलं तरी काळाचा क्रम लागतो. एक्झिफमध्ये तारखेचे आकडे विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडलेले असतात, पण विंडोजला ते चिन्ह फाइलच्या नावात चालत नाही, म्हणून आडवी रेघ.

‘तारखेची प्रत’ हे अक्षर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ए म्हणजे कॅमेऱ्याची वेळ, दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहिलेली. बी म्हणजे घड्याळ चुकलेलं होतं, फरक काढून दुरुस्त केलं. सी म्हणजे तारीख फाइलच्या नावावरून किंवा निरोपावरून घेतली; खरी तारीख याच्या आधीची असू शकते. डी म्हणजे माणसाच्या आठवणीवरून. अंदाजाने घातलेली तारीख आणि मोजलेली तारीख दिसायला सारखी असतात, दोन्ही आकडेच. उद्या आमच्यापैकी कुणी नसेल तेव्हा हा फोटो बघणाऱ्याला कळलं पाहिजे की ही तारीख कशाच्या भरवशावर आहे. हे अक्षर नसेल तर मी नाव बदलण्याचं काम करणार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि सगळ्यांनी मानलं.

मूळ नाव फेकायचं नाही. एक्सएमपीत (एक्झिफसारखीच, फाइलच्या आत माहिती साठवण्याची दुसरी पद्धत) ‘प्रिझर्व्हडफाइलनेम’ नावाचा रकाना यासाठीच आहे. त्यात ते जातं.

७ सप्टेंबर २०२५

गणपतीचं विसर्जन उरकून कोरडी चाचणी. एक्झिफटूलमध्ये फाइलनेमच्या जागी ‘टेस्टनेम’ लिहिलं की नाव न बदलता नवीन नाव काय होईल तेवढं दाखवतं. पूर्ण संग्रहावर आधी हेच चालवायचं, यादी वाचायची, मगच पुढे.

यादीत लगेच दिसलं: रिंगणाचे फोटो. अश्व धावताना सगळेच बटण दाबून धरतात, एका सेकंदात सात-आठ फोटो. सगळ्यांना एकच नाव मिळतं. काही कॅमेरे सेकंदाचा अंशही ‘सबसेकटाइमओरिजिनल’मध्ये लिहितात, जिथे आहे तिथे तो घेतला. जिथे नाही तिथे शेवटचा मूळ क्रमांक कामी येतो, म्हणून तो साच्यात होता हे बरं झालं. हा क्रमांक डीसीएफ (कॅमेऱ्यांच्या फाइलनावांचा ठरलेला नियम) नियमाने ठरतो, ०००१ ते ९९९९ असा चालतो आणि पुन्हा ०००१वर येतो. त्यामुळे एकट्याने तो निरुपयोगी आहे, तारखेच्या जोडीने मात्र भक्कम.

१४ सप्टेंबर २०२५

एका कॅमेऱ्याच्या फोल्डरवर ‘२०१५’ लिहिलं होतं आणि एक्झिफमध्येही २०१५च. तारखा २८ जून ते १५ जुलै. चित्रं पाहिली तर पूर्ण वारी, आळंदीपासून चंद्रभागेपर्यंत. तक्त्यात पाहिलं: २०१५ला अधिक आषाढ होता, प्रस्थान ९ जुलैला आणि एकादशी २७ जुलैला. २८ जून २०१५ला पालखी आळंदीतून हललेलीच नव्हती. मग शेजारचं वर्ष पाहिलं. २०१६: प्रस्थान २८ जून, एकादशी १५ जुलै. दिवसन् दिवस जुळला. घड्याळाचं वर्ष तेवढं एकाने मागे होतं. फोल्डरवरचं साल तर एक्झिफ बघूनच कुणीतरी लिहिलेलं, त्यामुळे तो दुसरा पुरावा म्हणून धरायचा नाही.

 दोन लागोपाठ वर्षांच्या एकादशीत किमान दहा-अकरा दिवसांचा फरक असतोच, त्यामुळे हा ताडा कुठल्याही वर्षी चालेल. सगळ्या कॅमेऱ्यांवर चालवला.

२१ सप्टेंबर २०२५

व्हिडिओ. यावर जास्त लिहिते, कारण इथे चूक झाली तर ती दिसत नाही.

एमपी४ आणि एमओव्ही फाइलींची घडण क्विकटाइमची आहे. तिच्यात वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत लिहिलेली असते, आणि नियमाने ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असायला हवी. म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. त्याच फोनचा फोटो मात्र स्थानिक वेळ लिहितो. दुपारी ४ वाजून १२ मिनिटांचं रिंगण, फोटोवर १६:१२, व्हिडिओवर १०:४२.

दुपारच्या व्हिडिओला याने फार बिघडत नाही, दिवस तोच राहतो. पण आपला दिवस काकड्याने सुरू होतो. पहाटे साडेचारचा काकडा व्हिडिओत आदल्या दिवशी रात्री ११ला जाऊन बसतो. पहाटे साडेपाचच्या आधीचं सगळंच आदल्या तारखेत. आणि वारीत तारीख बदलली की वाटचाल बदलते: जेजुरीहून निघायच्या दिवसाचा काकडा सासवड ते जेजुरीच्या वाटचालीच्या दिवसात पडतो. दिंडीच्या काकड्याचे अभंग, पहाटेचा हरिपाठ, कूच होतानाची घाई, हे सगळं व्हिडिओतच आहे, फोटोंसाठी तेव्हा उजेड नसतो. म्हणजे नेमका तोच ठेवा चुकीच्या दिवसात जाऊन पडतो.

एक्झिफटूलला ‘क्विकटाइमयूटीसी’ हा पर्याय दिला की तो वेळ संगणकाच्या स्थानिक वेळेत बदलून देतो. पण सरसकट देऊन चालत नाही. काही डिजिटल कॅमेरे नियम न पाळता तिथे स्थानिक वेळच लिहितात. त्यांना साडेपाच तास जोडले तर संध्याकाळची समाज आरती मध्यरात्रीनंतर जाते. म्हणून प्रत्येक उपकरणासाठी वेगळा निर्णय. त्याच उपकरणाचा, त्याच प्रसंगाचा एक फोटो आणि एक व्हिडिओ शेजारी ठेवायचे आणि फरक शून्य आहे की साडेपाच तास ते पाहायचं. फोटो नसेल तर सावली आणि उजेड. रात्री नऊची वेळ आणि चित्रात लख्ख ऊन असेल तर उत्तर समोरच असतं. आयफोनच्या व्हिडिओंत ‘क्रिएशनडेट’ हा वेगळा रकाना सापडला, त्यात वेळेबरोबर +०५:३० असंही लिहिलेलं असतं. तिथे तोच घेतला.

जुन्या एव्हीआय व्हिडिओंशेजारी त्याच नावाच्या टीएचएम फाइली दिसतात. उघडत नाहीत म्हणून कुणी काढून टाकू नका. त्या छोट्या जेपीजीच आहेत आणि काहींत व्हिडिओची तारीख, कॅमेऱ्याचं नाव असं सगळं आहे. एव्हीआयबरोबर त्यांचंही नाव बदललं, जोडी तशीच ठेवली.

५ ऑक्टोबर २०२५

व्हॉट्सॲपचा गठ्ठा. इथे एक्झिफ उरलेलंच नसतं. पाठवताना चित्र लहान होतं आणि मेटाडेटा निघून जातो. हातात राहतं ते फक्त अँड्रॉइड फोनवरचं नाव: आयएमजी, मग आठ आकडी तारीख, मग डब्ल्यूए आणि क्रमांक. ही तारीख फाइल त्या फोनमध्ये आली तेव्हाची. फोटो कधी काढला याबद्दल ती एवढंच सांगते की याच्या नंतर नाही.

हे किती महत्त्वाचं आहे ते २०२०च्या फाइलींनी दाखवलं. जून-जुलै २०२०च्या तारखांचे ढीगभर फोटो, माणसांनी फुललेला दिवे घाट, रिंगण, फुगड्या. त्या वर्षी करोनामुळे पायी वारी झालीच नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, २०२१लाही तसंच. वारी चुकलेल्या आपल्या माणसांनी घरी बसून रोज त्या-त्या मुक्कामाचे जुने फोटो ग्रुपवर टाकले होते: आज सासवड, आज जेजुरी. मला ते दिवस आठवतात. ते फोटो जुने, पण पाठवणं हीसुद्धा त्या वर्षीची गोष्ट आहे. म्हणून त्यांच्या दोन नोंदी केल्या. चित्र मूळ वर्षात, मूळ फाइल मिळाली तर तिच्याशी जोडून. आणि ‘२०२०, ग्रुपवर आलेले’ अशी एक वेगळी यादी, तारखांच्या क्रमाने. ती यादी वाचली की त्या वर्षीची मनाने केलेली वारी दिसते.

मूळ आणि ग्रुपवरची प्रत हॅशने जुळत नाही, कारण बिट वेगळे. चित्राच्या दिसण्यावरून ठसा काढून जोड्या लावणारं साधन वापरलं आणि प्रत्येक जोडी डोळ्यांनी पाहिली. मूळ सापडला तिथे मुख्य मान मूळ फाइलला; ग्रुपवरची प्रत पुसली नाही, बाजूला ठेवली.

एकाचा फोन हरवला होता, पण गूगल फोटोजमध्ये सगळं होतं. टेकआउटने (गूगलमधला आपला डेटा उतरवण्याची सोय) उतरवलं तेव्हा प्रत्येक फोटोशेजारी जेसन फाइल (त्या फोटोची माहिती असलेली मजकूर-फाइल) आली. तिच्यातला ‘फोटोटेकनटाइम’ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, यूटीसीत असतो. साडेपाच तासांचा हिशोब इथेही.

२६ ऑक्टोबर २०२५

दिवाळीनंतर ‘२०००’ नावाचा फोल्डर उघडला. याची वाट पाहत होते.

आमचे पखवाजी २०१४च्या वारीनंतरच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या लेकीने त्यांच्या कॅमेऱ्याचं कार्ड दिलं तेव्हा एवढंच म्हणाली, ‘ताई, नानांची शेवटची वारी यात आहे असं आई म्हणते. मला मात्र त्या सालचे थोडेच फोटो दिसतात.’ कार्डात जून २०१४चे फोटो आहेत, जुलैच्या पहिल्या दिवसापर्यंत. पुढे काही नाही. आणि एक गठ्ठा आहे १ जानेवारी २०००पासूनचा.

बॅटरी पूर्ण संपली किंवा काढून ठेवली की अशा कॅमेऱ्यांचं घड्याळ कारखान्यातल्या सुरुवातीच्या तारखेवर जातं. घड्याळ परत फिरलं तरी फाइलचा क्रमांक मात्र पुढेच चालत राहतो. तो आधार घेतला. २०१४चा शेवटचा फोटो ३३९८. १ जानेवारी २०००चा पहिला फोटो ३३९९. एकही क्रमांक मध्ये सुटलेला नाही. म्हणजे हे फोटो त्याच वारीचे आणि त्याच क्रमाने पुढचे.

आता फरक किती? त्यासाठी एक असा क्षण हवा जो दुसऱ्या, विश्वासू घड्याळानेही टिपला आहे. एकादशीच्या दिवशीचा दिंडीचा एकत्र फोटो, वाळवंटात काढलेला. नानांनी काढला आणि त्याच वेळी शेजारून एकाने फोनने. दोन्ही चित्रांत विणेकरी आजोबांचा हात तसाच अर्धा वर आहे, मागे तोच पोरगा पाण्यातून बाहेर येतो आहे. फोनच्या फोटोत ९ जुलै २०१४, १०:०७, आणि जीपीएसची वेळ ०४:३७ यूटीसी. साडेपाच तास जोडले की १०:०७च. म्हणजे फोनचं घड्याळ पक्कं. कॅमेऱ्यात ८ जानेवारी २०००, ००:२६.

फरक ५२९६ दिवस, ९ तास, ४१ मिनिटं. एक्झिफटूलच्या ‘ऑलडेट्स’ने एवढं पुढे सरकवायचं. सरकवताना वर्षं-महिने न देता दिवसच दिले, कारण महिने सारख्या लांबीचे नसतात आणि मध्ये लीप वर्षं येतात. तासांचा भाग सोडून चालत नाही: त्या कॅमेऱ्याची मध्यरात्र खऱ्या घड्याळात सकाळी ९:४१ला येते, म्हणून रोजच्या सकाळचे फोटो त्याच्या हिशोबात आदल्या दिवसात पडले होते.

सरकवून झाल्यावर तक्त्याशी ताडलं. एकादशीच्या दोन दिवस आधी वाखरीचा तळ यायला हवा, आला. त्याच दुपारी बाजीरावाच्या विहिरीचं रिंगण यायला हवं, आलं. नुसत्या एका फोटोवर विश्वास ठेवून मी तारीख बदलली नसती. तीन ठिकाणं आपापल्या जागी बसली तेव्हाच नावात बी हे अक्षर घातलं.

नाना स्वतः या फोटोंत नाहीत, कॅमेरा त्यांच्याच हातात होता. पण २०१४च्या इतर फोनमधले फोटो आता त्याच काळरेषेवर आले, आणि त्यांनी फोटो काढला त्या मिनिटाच्या आसपास दुसऱ्यांनी टिपलेले नाना सापडत गेले. गळ्यात पखवाज, एका हातात कॅमेरा. लेकीला सगळे पाठवले, त्या वारीचा दिवसन् दिवस लावून. तिचा फोन आला. बराच वेळ बोललो.

९ नोव्हेंबर २०२५

कार्तिकीला गेलेली मंडळी परतली. विणेकरी आजोबांकडे कागदी फोटोंचे अल्बम घेऊन बसलो. त्यांना साल आठवत नाही, पण तिथी आणि माणूस आठवतो. ‘माउली, ही ताडपत्री निळी दिसतेय ना, म्हणजे जुना ट्रक विकल्यानंतरचं. आणि वीणा अजून वडीलधाऱ्यांकडे आहे, म्हणजे माझ्या आधीचं.’ दोन वाक्यांत दहा वर्षांची मुदत तीन वर्षांवर आली. मी विचारत गेले, माझा भाचा लिहीत गेला.

निगेटिव्ह ज्यांच्या जपलेल्या आहेत त्यांच्या पट्टीवरचे चौकटींचे क्रमांक सगळ्यात कामाचे ठरले. साल नसेल तरी क्रम पक्का लागतो. स्कॅन करताना डेटटाइमओरिजिनलमध्ये खोटा दिवस आणि खोटा महिना भरायचा नाही. एक्सएमपीतल्या ‘डेटक्रिएटेड’ला नुसतं वर्ष चालतं. तेवढंच माहीत असेल तर तेवढंच लिहिलं, नावात महिन्या-दिवसाच्या जागी शून्यं, आणि डी. कोणी सांगितलं तेही वर्णनात.

१६ नोव्हेंबर २०२५

फाइलच्या नावात देवनागरी का नाही, असं तीन जणांनी विचारलं. मलाही ती हवी होती. अडचण अशी: युनिकोडमध्ये (संगणकात सगळ्या लिप्यांची अक्षरं लिहिण्याची पद्धत) ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो, एक अखंड अक्षर म्हणून आणि एक ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) म्हणून. डोळ्याला सारखंच दिसतं. पण जुन्या मॅकच्या डिस्क नावातली अक्षरं फोडून ठेवतात, विंडोज ठेवत नाही. ‘वारकऱ्यांची पंगत’ नावाची फाइल एका डिस्कवरून दुसरीवर गेली की संगणकाच्या लेखी ती वेगळी फाइल ठरू शकते, आणि शोधली तर सापडत नाही. शिवाय काही टीव्ही आणि जुने प्लेयर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात.

म्हणून नाव आकड्यांचं आणि रोमन संकेतांचं, आणि मराठी सगळी आत: एक्सएमपीच्या वर्णनात आणि विषयशब्दांत. एक्सएमपी यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवण्याची रीत) असल्यामुळे मराठी तिथे नीट राहते. एक्झिफचं जुनं वर्णन आस्कीपुरतं (साध्या रोमन अक्षरांपुरतं) होतं, २०२३च्या ३.० आवृत्तीत यूटीएफ-८ आलं, पण ते ओळखणारी साधनं सगळ्यांकडे नाहीत. मुक्कामांच्या नावांची एकच ठरलेली यादी केली आहे, भंडीशेगाव दोन तऱ्हेने लिहिलं जाऊ नये म्हणून.

३० नोव्हेंबर २०२५

आज दोन निर्णय, दोन्ही एकमताने.

उघड्यावर आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो, कुणी नकळत काढलेले किंवा नदीच्या दृश्यात मागे आलेले, संग्रहात राहणार नाहीत. मूळ देणाऱ्याला कळवायचं आणि आपल्या प्रतीतून काढायचे. वारीत बाईला आडोसा मिळत नाही ही तिची चूक नाही. कामात असलेल्या सगळ्यांना मी हे आधीच सांगितलं होतं, तरी ठराव लिहून झाला हे चांगलं.

दुसरं, जीपीएस. मूळ संग्रहात ते राहील, ठिकाण ताडायला त्याहून चांगला पुरावा नाही. पण वाटायच्या प्रतींतून ते काढायचं. प्रस्थानाच्या आदल्या रात्री घरी काढलेल्या फोटोंत लोकांच्या घरांचे अक्षांश-रेखांश आहेत.

१४ डिसेंबर २०२५

पूर्ण संग्रहाची नावं बदलली. टेस्टनेमची यादी आधी दोघांनी वेगवेगळी वाचली होती. जुनं नाव, नवं नाव, हॅश, तारखेचा आधार आणि प्रत अशा रकान्यांची सूची साध्या मजकुरात ठेवली आहे, कुठल्याही संगणकावर उघडेल अशी. तीन प्रती: एक दिंडीच्या कार्यालयात, एक माझ्याकडे, एक पुण्यात भाच्याकडे. दर वर्षी कार्तिकीनंतर हॅश पुन्हा मोजून सूचीशी जुळवायचे, म्हणजे डिस्क आतून खराब होऊ लागली तर वेळेत कळेल.

ज्यांचा आधार सापडला नाही अशा फाइली ‘तारीख नाही’ या फोल्डरमध्ये आहेत. त्यांना जबरदस्तीने साल लावलेलं नाही. विणेकरी आजोबांबरोबर महिन्यातून एकदा बसायचं ठरलं आहे.

पुढच्या वारीसाठी सूचना पत्रिकेबरोबर छापून द्यायच्या. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, एकादशी २५ जुलैला, त्यामुळे वेळ आहे. फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेण्यावर ठेवा. डिजिटल कॅमेरा असेल तर आळंदीत पहिला फोटो फोनच्या घड्याळाच्या पडद्याचा काढा, आणि बॅटरी बदलली की पुन्हा एक. ग्रुपवर फोटो टाकायला हरकत नाही, पण संग्रहासाठी पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मेटाडेटा राहतो. नाव बदलू नका, ते आम्ही करू. ट्रकबरोबरच्या मंडळींनी तळावर पोचल्याची वेळ वहीत लिहावी. वही ट्रकच्या कप्प्यात ठेवली जाईल.